कावेरीबाईचा चहाचा प्रश्न

कावेरीबाई मुदखेडहून रोज रेल्वेनं नांदेडला येते. तिथल्या एका खासगी दवाखान्यात, दुर्बिणीनं पोट तपासायच्या खोलीत, ती एकोणीस वर्षं आया आहे. नळी आत जाताना पेशंटचं डोकं धरायचं अन् त्याच्याशी बोलत राहायचं, हे तिचं काम. वरून बघणाऱ्याला त्यात काही वाटत नाही. करून बघा म्हणजे कळेल.

त्या दिवशी तिथं शिकायला असलेल्या डॉक्टर दामिनीची परीक्षा होती. पोरीच्या हाताला सफाई लई, त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण ही परीक्षा हाताची नव्हतीच. पेशंटशी बोलते कशी, भवताली लक्ष किती, सोबतच्यांचं ऐकते का, हे बघायला बाहेरून मोठे डॉक्टर आले होते. मागच्या खेपेला ‘सहकाऱ्यांचं ऐकत नाहीत’ असा शेरा पडून ती नापास झाली होती. तेव्हा नळ्या धुवायच्या खोलीत ती रडली, ते कावेरीबाईनं पाहिलं होतं.

हदगावचे भुजंगराव टेबलावर आडवे झाले. काही खाल्लं-प्यायलं का, असं दामिनीनं विचारलं, तर न्हाई म्हणाले. गुंगीचं इंजेक्शन भरून तयार. आता आपल्याकडं चहाला खाण्यापिण्यात कोण धरतं? उपासालासुद्धा चालतो बापडा! म्हणून कावेरीबाई ‘चहा घेतला का’ असं कधी विचारतच नाही; घेतलाच असं धरून चालते. डोकं धरता धरता ती सहज म्हणाली, "दादा, चहा कुठं घेतला?"

"ष्टँडवर. दोन बिस्किटं बी."

झाली का पंचाईत! बोलावं तर पोरीची चूक परीक्षकासमोर उघडी पडणार. गप्प बसावं तर गुंगीत उलटी होऊन छातीत जायची. माणसाच्या जिवाशी खेळ. कावेरीबाई बोललीच.

"म्याडम, थांबा. यांचा चहा झालाय."

दामिनीचा चेहरा उतरला. तिनं इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवलं, भुजंगरावांना हाताला धरून उठवलं अन् तपासणी दुपारनंतर ठेवली. परीक्षक नुसते लिहीत राहिले. आपण पोरीचं वाटोळं केलं, असं वाटून कावेरीबाईला दुपारचा डबा गोड लागला नाही.

संध्याकाळी परीक्षकांनी सगळ्यांसमोर विचारलं, सकाळची चूक कुणाची. दामिनी म्हणाली, "माझी. मावशी बोलल्या म्हणून मी थांबले."

पोरगी पास झाली. कावेरीबाई मुदखेड येईपर्यंत गाडीत एकटीच हसत होती.

दुसऱ्या दिवशी पहिला पेशंट टेबलावर आला. कावेरीबाई तोंड उघडणार, तेवढ्यात दामिनीच त्याच्या उशाशी वाकली.

"काका, चहा कुठं घेतला?"