ठवरेकाकांची यादी

ठवरेकाका प्रयोगशाळेतला नळ बंद करून दारापर्यंत जायचे आणि तो बंद केलाय का हे बघायला परत यायचे. भोपाळच्या साकेत नगरातल्या आमच्या प्रयोगशाळेत ते तंत्रज्ञ होते. वडिलांच्या बदलीपायी लहानपणी नागपूर सुटलेलं, पण बोलीतून गेलं नव्हतं. कुणाचा निकाल चांगला आला की यांचा चेहरा पडे. “इतकं चांगलं येते काहून, पोरी?”

माझी पीएचडी एका पेप्टाइडवर होती. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा. आतड्याच्या अस्तरातून निघणारा हा तुकडा प्रतिकारपेशींना शांत करतो, असा माझा दावा. पेशींना यीस्टचे कण द्यायचे आणि किती पेशींनी ते गिळले, हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं; शांत झालेली पेशी कण गिळत नाही. पाच वर्षं त्या मोजणीवर उभी होती.

काकांनी अट घातली. खरं पेप्टाइड आणि तेच घटक क्रम विस्कटून बनवलेलं नकली, दोन्हींच्या नळ्यांवर ते फक्त आकडे टाकणार. कोणता आकडा कशाचा, ती यादी त्यांच्याकडे. “तुह्या डोळ्यावर मले शक आहे,” म्हणाले. मी चिडले. हा माणूस माझं काम बुडवायला बसलाय, नळ्याही बदलत असेल, असं मनाने घेतलं. ते जेवायला गेले तेव्हा मी त्यांचा खण उघडून यादी वाचली.

मोजणी झकास आली. यादीप्रमाणे जिथे खरं पेप्टाइड, तिथल्याच पेशी शांत.

काकांनी माझा कागद बराच वेळ पाहिला. मग खिशातून दुसरी यादी काढली. “खरी हे आहे. खणातली मी अशीच लिहून ठेवली होती.”

मी शांत म्हणून मोजलेल्या निम्म्या पेशींना नकली पेप्टाइड मिळालं होतं. कण पेशीच्या काठाला चिकटलेला दिसला की तो गिळलाय का, हे मी यादी आठवून ठरवत होते, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता हे गाइडकडे जाणार.

“चल, नवीन नळ्या भरतो,” काका म्हणाले. “या वेळी यादी घरी ठेवतो.”

परिणाम खरंच होता, पण मी मिरवत होते त्याच्या जेमतेम पाव. तेवढाच प्रबंधात लिहिला.

काका गेल्या वर्षी वारले. शोकसभेत सगळ्यांनी त्यांच्या संशयी स्वभावाचे किस्से सांगितले, मीही दोन सांगितले. हा कुणालाच ठाऊक नव्हता. काकांनी तो शेवटपर्यंत कुणाला सांगितला नव्हता, आणि मी तो आज पहिल्यांदा लिहितेय.