बाफल्याची कणीक आणि भावजींचं इंजिन

मी लग्न होऊन धारहून देवासला आले तेव्हा माझी अशी समजूत होती की देवासच्या लोकांवर मी उपकार केले आहेत. धारच्या दरबारात आमच्या पणजोबांना म्हणे बसायला खुर्ची होती. ती खुर्ची पुढे कुणाच्या नजरेस पडली नाही, पण मी ती डोक्यावर घेऊन फिरत असे. बी.ए.ला दुसरा वर्ग, अंबाडा नारळाएवढा आणि अक्कल सुपारीएवढी. आज ती पोरगी समोर आली तर मी तिच्या थोबाडीत देईन. आणि तिच्या अंगावरचा शालू आधी काढून घेईन, कारण तसा जरीकाठ आता मिळत नाही.

सासरी एक जुनी मोटार होती आणि एक धाकटे दीर होते. दोघांकडेही घरात कुणी बघत नसे. मोटार चढ आला की धापा टाकायची; पाच माणसं बसली तर दोघांना उतरून चालावं लागे. भावजी बोलताना अडखळत, नखांत सदा काळं ऑइल, पंगतीत नेहमी शेवटच्या पाटावर. त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: घराच्या रस्त्याकडच्या बाजूला असलेली पत्र्याची शेड. तिथे त्यांना गाड्या दुरुस्त करायचं दुकान काढायचं होतं.

मामंजी महसूल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना मुलगा हमाल झाला असता तर चाललं असतं, पण मिस्त्री नको. तरी एक दिवस श्रावणात, कशाने कोण जाणे, ते म्हणाले, "या दसऱ्याला ही गाडी आपल्या सगळ्यांना धारला घेऊन गेली, कुणी उतरायचं नाही, तर शेड तुझी. नाही गेली तर कुक्षीला मामाच्या खताच्या दुकानात बसायचं. पुन्हा हा विषय नाही."

आमच्याकडे दसऱ्याला शीव ओलांडायची म्हणजे ओलांडायचीच. पूर्वी सरकारांच्या हत्तीमागून, मग टांग्यातून, मग रोडवेजच्या बसमधून. स्वतःच्या गाडीतून ओलांडायची ही मामंजींचीही हौस होतीच.

भावजी दोन महिने जेवायला सोडून घरात आले नाहीत. त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं, मी जांभया देत होते तरी. सिलिंडरमध्ये पिस्टन जितका लांब खालीवर जाईल तितकं पेट्रोल आणि हवा जास्त आत येणार, तितका जोर जास्त. म्हणून इंदूरच्या भंगारबाजारातून त्यांनी एका मोडलेल्या व्हॅनचा क्रँक, म्हणजे पिस्टनला खालीवर ढकलणारा वाकडा दांडा, आणला होता, आमच्यापेक्षा मोठ्या झोक्याचा. पिस्टन आणले तिसऱ्याच गाडीचे, कारण आमचे त्या क्रँकवर नीट बसेनात. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा सांगाडा, आमचा. तीन इंजिनांचं मिळून एक. ते सांगताना ते अजिबात अडखळले नव्हते. हे मला आज आठवतं. तेव्हा मी विचारलं होतं, "आणि हॉर्न कुणाचा, बैलगाडीचा?"

सप्तमीला पाहुणे होते म्हणून मी बाफल्यांची, म्हणजे उकडून मग भाजायच्या गोळ्यांची, कणीक भिजवली होती. जाडसर पीठ, दही, तुपाचं मोहन, चिमूटभर जास्तच सोडा. भावजी स्वयंपाकघराच्या दारात आले.

"वहिनी, थोडी क-कणीक द्या. नुसतं पीठ आणि पाणी. घट्ट."

"इंजिनाला भूक लागली?"

त्यांनी सांगितलं: पिस्टन आता पहिल्यापेक्षा वर येतो, आणि वरून व्हॉल्व्ह खाली उघडतो. दोघांमध्ये काडेपेटीच्या काडीएवढी तरी जागा हवी. पिस्टनच्या डोक्यावर कणकेचा गोळा ठेवायचा, वरचं हेड, म्हणजे इंजिनाचं झाकण, घट्ट आवळायचं, इंजिन हाताने दोन वेढे फिरवायचं आणि परत उघडायचं. चेपून जितकी जाडी उरली तितकी जागा. कमी भरली तर पिस्टन लेथवर नेऊन खाचवून आणायचे. चार दिवस जातील आणि दसरा हुकेल, पण गाडी वाचेल.

ग्रीसवाल्या माणसासाठी मी वेगळी परात खरकटी करणार होते थोडीच. बाफल्यांच्या कणकेतला गोळा तोडला आणि त्यांच्या हातावर टेकवला. "घ्या, घास भरवा."

तासाभराने बघते तर हेड उघडलेलं, चेपलेल्या कणकेच्या चकत्या पिस्टनवर, आणि भावजी माप घ्यायला वाकलेले. मी गॅलरीतून ओरडले, "आधी पानावर बसा! तुमच्यासाठी मी उपाशी बसायची का?" ते मुकाट्याने हात धुऊन आले. मी त्यांना आग्रहाने चार बाफले वाढले, वर तुपाची धार धरून. चार बाफल्यांनंतर माळव्यात कुणी उभा राहत नाही. ते ओसरीवर आडवे झाले. आश्विनातलं ऊन, तापलेलं लोखंड, दही, सोडा. बाकी काय व्हायचं ते तुम्हीच समजा. चार वाजता त्यांनी मापलं तर दोन काड्यांएवढी जागा भरली. ते हसले. त्यांचे दात बरे होते, हे मला त्या दिवशी कळलं.

अष्टमीला सगळं जोडून त्यांनी गाडी चालू केली. काय आवाज होता! मामंजी वर्तमानपत्र बाजूला ठेवून बाहेर आले. पण भावजी बॉनेटवर कान ठेवून उभे. म्हणाले, कुठेतरी टिकटिक येते आहे, उद्या उघडून बघतो.

उद्या खंडेनवमी. त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पूजेत जातात. माझी विळी, मामंजींचा टाक, भिंतीवरची गंजकी तलवार, आणि भावजींचे यच्चयावत पाने. हळदकुंकू वाहिलं की दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. भावजी सकाळी चौरंगासमोर उभे राहिले आणि सासूबाईंना म्हणाले, "एकच पाना उचलू का?" सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. मामंजी म्हणाले, "भ्यालास, तर तसं सांग." आणि मी, पदर तोंडाला लावून, सगळ्यांना ऐकू जाईल इतपत म्हणाले, "कुक्षीची हवा चांगली आहे म्हणतात."

त्यांनी पाना उचलला नाही.

दसऱ्याला निघालो. शिवेवर नारळ फोडला. इंदूर मागे पडेपर्यंत गाडी अशी धावली की मी खिडकीतून हात बाहेर काढून बांगड्या वाजवल्या. धारच्या अलीकडे लांब चढ आहे. मामंजी म्हणाले, "दाब." भावजींनी वळून पाहिलं. "दाब म्हणतो ना!" त्यांनी दाबलं. अर्ध्या चढावर आतून कुणीतरी घणाने मारल्यासारखे तीन ठोके आले, आणि मग काहीच नाही. धारचा किल्ला समोर दिसत होता.

मी माहेरी पोचले ती सोयाबीनच्या ट्रॉलीत, पोत्यांवर बसून, शालूला भुसा लागलेला. माझी थोरली बहीण दारात ओवाळायला उभी. बसने ये म्हणाली होती, मीच तोऱ्यात कळवलं होतं की स्वतःच्या गाडीने येतो. तिचा ओठ हलला. ती मला हसायच्या आत मला ते हसू दुसऱ्या कुणावर तरी वळवायचं होतं. मी म्हटलं, "आमच्या भावजींनी तीन गाड्या मारल्या आणि एक मढं उभं केलं!"

अंगणभर हसू फुटलं. मामंजीसुद्धा हसले. भावजी ट्रॉलीतून सामान उतरवत होते.

दुसऱ्या दिवशी धारच्या मिस्त्रीने हेड उघडलं. वाकडे व्हॉल्व्ह, फुटलेला पिस्टन. "भिया, जगह ही कहाँ छोड़ी तुमने? ब्लेड भी नी जाए इसमें."

"मैंने नापा था," भावजी म्हणाले. "कणकेने. मी मापलं होतं, दादा." हे शेवटचं त्यांनी माझ्या नवऱ्याकडे बघून म्हटलं. नवरा पान चघळत होता.

त्या क्षणी मला परात आठवली. फुगलेली, जाळीदार, चांगली जमलेली कणीक. पिस्टनवरच्या चकत्याही दुपारभर तशाच फुगल्या होत्या, आणि भावजींनी मापली ती फुगलेली जाडी. तोंड उघडायला मला किती वेळ लागला असता? नाही उघडलं. मला वाटलं, एका कणकेच्या गोळ्यापायी मी माहेरच्या अंगणात खाली मान घालू?

भावजी तिथूनच कुक्षीला गेले. त्यांचे कपडे मी मागाहून पाठवले. पाने सासूबाईंनी भंगारवाल्याला दिले. शेडमध्ये पुढे मोबाइलचं दुकान आलं.

या गोष्टीला चाळीसेक वर्षं झाली. ते दरवर्षी दसऱ्याला सोनं द्यायला येतात, आणि घरातलं कुणी ना कुणी "मढं" म्हणतंच. नातवंडांनाही तो विनोद पाठ आहे. कुक्षीत शेजारी त्यांच्याकडे बिघडलेले पाण्याचे पंप घेऊन येत, पण ते हात लावत नसत. म्हणत, माझ्या हाताला माप नाही.

गेल्या दसऱ्याला पानात बाफले होते. सगळे बसले होते. मला काय सुचलं कोण जाणे, मी ती कणकेची गोष्ट सांगून टाकली. मला गोष्ट सांगता येते. सोडा, चार बाफले, ओसरीवरची झोप, सगळं रंगवून. पोरं हसून लोळली. "आजी, आप तो बड़ी खतरनाक निकलीं!"

भावजी हसले नाहीत. त्यांनी घास ताटात ठेवला.

"म्हणजे माझं माप बरोबर होतं?"

"होतं."

"क्रँक, पिस्टन, सगळं जमलं असतं?"

"खाचवून आणले असते तर जमलं असतं. मला काय कळतंय, पण धारचा मिस्त्री तसंच म्हणाला होता."

ते हाताकडे बघत राहिले. हाताच्या पाठीवर म्हातारपणाचे डाग, बोटांना तूप. मग म्हणाले, आणि एकदाही अडखळले नाहीत, "वहिनी, तुम्ही हसवून सांगितलंत. एकदा न हसवता सांगा. तुम्ही तोंड उघडलं की लोक हसतात, म्हणून लिहून द्या. आणि हिंदीत लिहा. या पोरांना मराठी वाचता येत नाही. त्यांना कळलं पाहिजे."

मी हो म्हटलं.

तर हे लिहिलं आहे. कुक्षीला एक प्रत पाठवते आहे, भावजी चष्मा लावून वाचतील. न हसवता लिहायचं ठरवलं होतं, ते काही सगळीकडे साधलं नाही. आणि लिहायला बसले तेव्हा लेखणी आपोआप मराठीकडे वळली, असं मी त्यांना कळवणार आहे. धाकटी नात आत्ताच खांद्यावरून डोकावून गेली.

"आजी, क्या लिख रही हो?"

"बाफले बनाने की विधि," म्हटलं.

"भेज देना," म्हणाली, आणि गेली.