जनाकाकूच्या दोन डब्या

जनाकाकूने प्रयोगशाळेला दोनदा फसवले. प्रयोगशाळेने जनाकाकूला एकदाच फसवले, पण ते तिच्या जिवावर बेतले.

कामोठ्याच्या बाजारात मी गोणपाटावर भाजी विकायला बसले तेव्हा शेजारी काकूची मासळीची टोपली असे. आज माझी तीन दुकाने आहेत; पण गिऱ्हाइकाने विचारण्याआधी अंगठ्याने कल्ला उघडून लालपणा दाखवणारी दुसरी बाई मी पाहिली नाही. मासा नरम लागला की ती तो बाजूला काढायची. "नासका म्हावरा दावला का नाव जातं, बाय," म्हणायची.

तिच्याकडे एक संशोधक मॅडम आल्या. सुकी मासळी आणि तांदळाची भाकरी खाणाऱ्यांच्या आतड्यात कोणते जिवाणू असतात, ते आतड्याला सुजेपासून वाचवतात का, हे त्यांना शोधायचे होते. दर महिन्याला शौचाचा नमुना डबीत द्यायचा. या मालालाही गिऱ्हाईक आहे म्हणून काकू पदर तोंडाला लावून हसली. मला मात्र त्यांचा गोड आवाज खटकला. मी भांडून संमतीपत्रावर मॅडमच्याच हाताने लिहून घेतले: काही वावगे दिसल्यास घरी येऊन सांगू.

कोणी आले नाही. मी प्रयोगशाळेत फोन केला की 'सगळं ठीक आहे'.

काकू मात्र वाळत गेली. रुग्णालयात आतड्याचा कर्करोग निघाला, फार पसरलेला. तेव्हा तिने कबूल केले की शेवटच्या दोन डब्या जावेच्या होत्या.

"रगत पडाया लागलं, बाय. आसा माल देऊ कसा? जाव धडधाकट हाय."

मी तिच्यावर ओरडले. तिने माझा हात थोपटला. आठवड्याभरात गेली.

मी प्रयोगशाळेत गेले. मॅडम म्हणाल्या, प्रत्येकाच्या आतड्यातल्या जिवाणूंची ठेवण वेगळी असते. शेवटच्या दोन डब्या दुसऱ्या कोणाच्या आहेत हे तपासणीत कळले होते, म्हणून काकूला अभ्यासातून वगळले. त्यानंतरही मला फोनवर 'सगळं ठीक आहे' हेच ऐकू आले होते. आधीच्या डब्यांत सूज दिसली होती का, असे विचारल्यावर त्यांनी काकूची फाइल मिटून कपाटात ठेवली.

टोपलीतला माल बदलला तर बाजारातले गिऱ्हाईकही विचारते, 'काकू, आज काय झालं?' मॅडम, तुम्हाला तर बदल कळला होता. कामोठ्याला यायला कोणी अडवले होते? तो कागद माझ्याकडे आहे आणि अक्षर तुमचे आहे. काकूच्या जावेसमोर बसा आणि उत्तर द्या.