काहीही सापडले नाही

पिंप्राळ्यात आम्ही ज्यांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो, ते आबा रोज सकाळी जिना चढून यायचे. तक्रार एकच. मोबाइलवर चक्र फिरतंय, पुढं काही येत नाही. मी एका स्थानिक बातम्यांच्या वेबसाइटचं काम घरून बघते. तिच्यावर निधनवार्ता असतात. कोण गेलं, अंत्ययात्रा किती वाजता, सांत्वनाला दारावर कधी जायचं, हे लोक तिथंच बघतात. आबा त्यात एका बाईचं नाव शोधायचे. बराच वेळ चक्र फिरून ‘नंतर प्रयत्न करा’ असं यायचं, आणि ते माझ्यासमोर उभे राहायचे. जणू मीच त्या बाईला दडवून ठेवलंय.

आधीच उन्हाळा, लाइटीचा लपंडाव, वर ऑफिसच्या फोनांनी नाकी नऊ आलेले. एका सकाळी मी वैतागून विचारलंच, की आबा, ही बाई आहे तरी कोण?

ते पायरीवरच बसले. ती त्यांची बहीण, धुळ्याकडच्या एका गावात दिलेली. शेताच्या वाटणीवरून बोलणं तुटलं, ते दोघांचे केस पांढरे झाले तरी तुटलेलंच. आमच्याकडे बाई गेली की तिच्या अंगावर शेवटची साडी माहेरची घालतात. माहेरात आता आबाच उरलेत. तिकडचे लोक आपल्याला कळवणार नाहीत, ही त्यांची पक्की खात्री. साडी आणून कपाटात ठेवलेली होती.

“मी वेळेवर पोचलो नाही, तर दुसऱ्या कोणाची साडी नेसून जाईल ती,” आबा म्हणाले. मी चहा टाकला.

मग मी बसले बिघाड शोधत. ताजी वार्ता वर दिसावी म्हणून आमच्याकडे तारखेचा इंडेक्स, म्हणजे तारखेनं लावलेली सूची, वापरला होता. डेटाबेस आजच्या वार्तेपासून मागं चालत जातो आणि जुळणाऱ्या वीस मिळाल्या की थांबतो. गावोगाव असलेलं आडनाव टाका, वीस लगेच भरतात. पण जे नाव त्यात नाहीच, त्याच्यासाठी तो बिचारा एकेक मेलेला माणूस तपासत पार पहिल्या वार्तेपर्यंत जातो आणि वाटेतच त्याची वेळ संपते. नसलेलं शोधण्यातच सगळी दमछाक. मला त्याची कीव आली, आणि थोडी माझीही.

पुण्याच्या साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, असं शोधणारे असतात किती, सोडून दे. सोडून दे काय? सोडायला यांचं काय जातंय! शब्दांचा वेगळा इंडेक्स आमच्याकडे होताच. मी असं केलं की आधी त्याच्यात नाव बघायचं. थोड्याच वार्ता जुळल्या तर तेवढ्याच तारखेनं लावायच्या. ढीगभर असतील तरच जुनी वाट धरायची. एवढंसं काम, पण लाइट जाता-येता त्यात आठवडा गेला. पाठ मोडून निघाली.

आबांना वर बोलावलं. त्यांनी नाव टाकलं आणि बोट उचलायच्या आत उत्तर आलं: काहीही सापडले नाही.

“नही म्हनस ना?” त्यांनी दोनदा विचारलं. मग डोळे पुसले. “म्हनजे जित्ती शे.”

उद्या सकाळी हे पुन्हा तेच नाव टाकणार, हे मला दिसत होतं. माझं डोकंच उठलं.

“जिवंत आहे ना? मग ती साडी कपाटात कशाची वाट बघतेय? आखाजी आलीय, आबा. नेऊन द्या.”

ते खाली गेले. मला वाटलं, जास्त बोलले मी.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. या आखाजीला भाऊच पिशवी घेऊन सकाळच्या धुळ्याच्या गाडीत बसला.

दुसऱ्या दिवशी ते सांजोऱ्यांचा डबा घेऊन वर आले. साडी तिनं त्यांच्यासमोरच नेसली होती. मग कितीतरी वेळ आबा डब्याचं झाकण लावत-काढत बसले.

“तिची नात रोज सकाळी माझं नाव टाकायची म्हणे, तुमच्या त्या मरणाच्या बातम्यांत,” ते म्हणाले. “तिचं बी नुसतं फिरतच ऱ्हायचं.”

मग त्यांनी हळूच विचारलं, तिकडचंही दुरुस्त झालं का. मी म्हटलं, झालं आबा, बठ्ठांचंच, सगळ्यांचंच झालं.