ब्रेकवरचा पाय

कुरिअरवाल्यानं खोकं हातात ठेवण्याआधी विचारलं, "साहेब हायेत का घरी? गाडीचं सामान दिसून राह्यलं." मी म्हटलं, साहेब मीच आहे, सही कुठं करू ते सांग. त्यानं माझ्याकडं पाहिलं, खोक्याकडं पाहिलं आणि तरीही मागं कुणी बाप्या माणूस दिसतो का म्हणून मान लांब केली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरं तर ती आग त्या बिचाऱ्यासाठी नव्हती. ती फार जुनी आहे.

खोक्यात एक हातपंप होता, त्याला एक पारदर्शक बाटली आणि रबरी नळी. ब्रेकची हवा एकट्या माणसाला काढता यावी म्हणून निघालेलं हे नवं हत्यार. ब्रेकच्या नळीत हवा राहिली की पॅडल कितीही दाबा, जोर चाकापर्यंत पोचत नाही, म्हणून ती काढावी लागते. पूर्वी या कामाला दोन माणसं लागायची. एक जण पाना घेऊन चाकाजवळ आडवा, दुसरा सीटवर. आडव्यानं 'दाब' म्हटलं की पॅडल दाबायचं, 'धर' म्हटलं की धरून ठेवायचं, आणि हवा सोडायला ढिला केलेला चाकामागचा नट आडवा माणूस परत आवळेपर्यंत पाय उचलायचा नाही. मधेच उचलला तर हवा परत आत.

आमच्या घरी आडवे आबा असायचे आणि सीटवर मी.

आबांची स्वतःची जीप होती. घनसावंगी ते जालना सवाऱ्या भरायचे. मी तेव्हा सहावीत असेन. पाय पुरायचा नाही म्हणून सीटच्या पार कडेला सरकायचं, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरायचं आणि दाबायचं. मला ते काम फार आवडायचं. एरवी आबा माझ्याशी कामापुरतंसुद्धा बोलत नसत, पण तेव्हा त्यांचा आवाज फक्त माझ्यासाठी असायचा. मांडी भरून यायची, पाय थरथरायचा, पण मी तो उचलला नाही. परत लिहिते, कारण हे माझ्या तोंडून ऐकून घ्यायला कधी कुणाला वेळ नव्हता. मी पाय उचलला नाही.

मग एका बाजाराच्या दिवशी नदीच्या पुलाकडं उतरताना भरलेली जीप थांबलीच नाही. कठड्याला घासत गेली. माय पुढं कडेला बसली होती, पाय बाहेर. बाकीच्यांचं खरचटण्यावर निभावलं, मायचा घोटा मात्र चेचला आणि तो कायमचा वाकडा राहिला. विचारपूस करायला माणसं आली तेव्हा आबा सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरीनं पाय उचलला असंल मधीच. हवा राह्यली."

झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी. त्या दिवसापासून आमच्या भावकीत एक विनोद चालू झाला: एकीनं पाय उचलला, दुसरीचा गेला. दिवाळीत चिवड्याबरोबर तो विनोद असायचा. माझ्या लग्नात नवऱ्या मुलाला कुणीतरी सांगितलं, हिला गाडीत बसवा पण पॅडलपाशी नका बसवू, आणि अख्खा मांडव हसला. मीही हसले. माय लंगडत पाणी आणायला उठली की मी तिच्या हातातला तांब्या काढून घ्यायचे.

आबांनी पुढं दुसऱ्या मालकाच्या जीपवर ड्रायव्हरकी केली. आमची जीप गोठ्याच्या कडेला पत्र्याखाली उभी राहिली ती राहिलीच. दोन वर्षांपूर्वी आबांनी ती भंगारात काढायचं ठरवलं. जालन्याच्या भट्टीत गेली असती, सळया झाल्या असत्या. मी म्हटलं, मला द्या. आता जुन्या गाड्यांना काय हवं ते मिळतं, मी ती उभी करते. इंजिन मिस्त्रीकडून करून घेतलं, ब्रेक मात्र मी माहेरच्या अंगणात स्वतः करणार होते. का, ते मी कुणाला सांगितलं नाही.

सल्ला द्यायला सगळं गाव हजर. कुणी म्हणे चमकणारे बंपर मागव, कुणी म्हणे वरातीला भाड्यानं जाईल, मोठा भोंगा बसव. ब्रेकचं नाव एकानं घेतलं असेल तर शपथ! मी पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकचा संच मागवला. पॅडलचा जोर ब्रेकच्या नळ्यांत ढकलणारं मास्टर सिलिंडरही नवं, दोन कप्प्यांचं मागवलं, म्हणजे एका बाजूला गळती झाली तरी दुसऱ्या बाजूची चाकं थांबतात. त्या काळी हे आमच्या जीपला असतं तर, असं सारखं मनात यायचं. आबा बाजेवरून बघत राहायचे. "येड्यावानी खर्चा करून राह्यली," म्हणायचे. हातपंप पाहिल्यावर तर म्हणाले, "ब्रेकला दोन माणसं लागत्येत. ह्ये असलं खेळणं बिलकुल चालत न्हाई."

"दोन माणसं असली की दुसऱ्यावर ढकलता येतं," मी म्हटलं. ते कुशीवर वळले.

जुनं मास्टर सिलिंडर काढायला घेतलं तर म्हणाले, "त्ये कशाला उघडती? फेकून दे तसंच." ज्या माणसानं जन्मात एक वायसर फेकला नाही, तो अख्खं सिलिंडर फेकायला सांगत होता. म्हणून मी ते उघडलं. आत गंजाची भोकं पडली होती, आणि गंजावर पांढरट पापुद्रा. ब्रेक ऑइल वाळून असा पापुद्रा धरत नाही. मी बोट ओलं करून त्यावर घासलं. फेस आला.

पूर्वीचे काही जीपवाले असं करायचे, हे मला ठाऊक होतं. ब्रेक ऑइल कमी पडलं की साबणाचं पाणी ओतायचे. चार-दोन मैल काम भागतं. मग उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पॅडल पोकळ जातं. अगदी हवा राहिल्यासारखं.

मी तो फेस लागलेला हात आबांच्या नाकासमोर धरला. ओरडले. शेजारच्या घरात ऐकू गेलं असेल, जाऊ दे. "आबा, साबणाचं पाणी होतं यात!"

त्यांनी माझा हात बाजूला सारला. मग म्हणाले, "त्या टायमाला समदेच टाकायचे. बाजाराची घाई व्हती."

"मंग माझं नाव का घेतलं?"

"लोकायला काय तरी सांगावं लागतं."

त्यांच्या आवाजात पश्चात्ताप नव्हता, वैतागच होता. मी पाना भिंतीवर फेकला. तेव्हा मागून माय बोलली. उंबऱ्यावर बसून ती शेंगा फोडत होती. "त्या सकाळी मोरीतली साबणाची वडी त्यायनंच नेल्ती," ती म्हणाली. "मला ठाऊक व्हतं."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तिला ठाऊक होतं! मी तिच्या घोट्याला तेल चोळायचे तेव्हा ठाऊक होतं, मांडव हसला तेव्हाही.

"तुझा बाप डायवर," ती शेंगांकडं बघत म्हणाली. "साबणाचं कळलं असतं तर कोन्या मालकानं जीप दिली असती? तू लेकरू व्हतीस. लेकराचं लोक इसरतेत."

"विसरले का, माय?"

तिनं पुढची शेंग फोडली. मी जीपखाली गेले. नवं सिलिंडर बसवलं आणि नव्या पंपानं एकेका चाकाच्या ब्रेकची हवा एकटीनं काढली. बाटलीत बुडबुडे येत होते, मी रडत होते आणि शिव्या देत होते. कुणाला 'धर' म्हणावं लागलं नाही.

पासिंगला न्यायच्या आधी गावातून एक फेरी मारायची ठरवली. माय येऊन पुढं बसली, वाकडा पाय आत घेऊन. आबा न विचारता मागं चढले. स्टँडजवळच्या उतारावर चहाच्या टपरीसमोर मी ब्रेक दाबला. जीप जागच्या जागी उभी राहिली. टपरीवाला आबांच्या वयाचा, त्याला सगळा इतिहास पाठ. हसत म्हणाला, "बाई, हवा बराबर काढली ना? का परत पाय उचलला?" बाकड्यावरची माणसं खी-खी करायला लागली.

"तिनं कवाच पाय उचलला न्हाई," माय म्हणाली. आवाज असा की बाकड्याच्या टोकापर्यंत जावा. "ह्यायनी साबणाचं पाणी घातल्तं."

बाकड्यावरची खी-खी थांबली. कुणी आबांकडं बघेना.

एवढंच वाक्य होतं. मला बरं वाटायला हवं होतं, पण असा राग आला की डोळ्यांपुढचा रस्ता दिसेना. इतकं सोपं होतं तर इतकी वर्षं का? मागून आबा म्हणाले, "चल जल्दी, मागं एष्टी आली." एष्टीनं हॉर्न दिला, परत दिला. मायनं माझ्याकडं पाहिलं. मी ब्रेक दाबून तशीच बसून राहिले. पाय उचलला नाही.