तेल पाजलेली चढण

बीबी गावच्या शालिग्राम सुताराचा एक नेम होता. नवी बैलगाडी जोडली की पहिल्या फेरीला तो स्वतः तिच्यात बसायचा. "आपल्या हातचं मोडलं तं आपलंच हाड मोडाव," म्हणायचा. गाडीपुरता नेम ठीक होता. पण महाराष्ट्र नवा नवा झालेल्या त्या दिवसांत सायकलवाल्या कय्यूमनं त्याच्याकडून एक लाकडी चढण करून घेतली आणि नेम शालिग्रामच्या अंगावरच आला.

चढण एका टोकाला भुईला टेकलेली, दुसऱ्या टोकाला कमरेएवढी उंच. सायकल दणक्यात वर न्यायची, टोकावरून हवेत उडवायची आन् पलीकडं भुसभुशीत मातीत उतरवायची. कय्यूमनं हे सर्कशीत पाहिलं होतं.

बाजाराच्या दिवशी सारं गाव लोटलं.

"शालिग्राम, तुले सायकल तं येत नाई," कय्यूम म्हणाला. "मंग टोकापुढं आडवा हो. मी तुयावरून उडतो. नेम म्हंजे नेम."

"अबे, मी गाडीत बसतो, गाडीखाली नाई!"

"सुतार भेला रे!" माणिकराव पाटलानं आवाज टाकला आन् बाजार खदखदला.

आता माघार कुठली? शालिग्राम फळ्यांवरूनच पलीकडं निघाला. अर्ध्यावर त्याची टाच सर्रकन घसरली. सकाळीच त्याच्या हातानं सवयीनं, नव्या चाकाले पाजतात तसं, फळ्यांना जवसाचं तेल पाजलं होतं. गाडीच्या लाकडाला तेल म्हणजे आयुष्य. पण इथं रबराचं चाक फिरायचं होतं. ते टोकाशी घसरलं की कय्यूम सायकलीसकट खाली, आन् खाली कोण? आपुनच.

सांगावं, तर लोक म्हणणार, भेवानं बहाणे करून राह्यला. तो मुकाट आडवा झाला. डोक्यावर फळीचं टोक अन् मोकळं आभाळ. दुरून घंटी वाजली. लोक ओरडू लागले. मातीतून चाकाची घरघर थेट पाठीत शिरली.

तशी गेली ती लाज! शालिग्राम ताडकन उठला अन् धावत जाऊन चढणीच्या तोंडाशी हात पसरून उभा राहिला.

"थांब बे! थांब!"

कय्यूमनं ब्रेक दाबला अन् सायकलीसकट लोळला. गुडघा सोलून निघाला.

"काऊन बे? भेला ना?"

"हाव, भेलो! तेल पाजलं म्या फळ्यांले!"

हशा पिकला. कय्यूम मात्र हसला नाही. त्यानं फळीवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि त्याच्या तोंडचा रंगच उडाला. गर्दीतून त्याची बायको ताहेरा पुढं आली. तिनं ओंजळीनं माती उचलून फळ्यांवर चोळायला सुरुवात केली. मग शालिग्रामनं रंधा आणला अन् वरचं तेलकट लाकूड सोलून काढलं. दहादा टाच घासून पाहिली.

"शालिग्रामभाऊ," ताहेरा म्हणाली, "आता तुमी म्हणसान तवाच."

आडवं व्हा, असं कोणीच म्हटलं नाही. शालिग्राम आडवा झाला. त्यानं हात वर केला की कय्यूमनं निघायचं, असं ठरलं. हात काही केल्या वर होईना. लोक कंटाळून चुळबुळू लागले, कय्यूम मात्र एक पाय टेकून उभाच.

शेवटी हात वर झाला.

अंगावरून सावली गेली. पलीकडं माती धप्पकन वाजली, टाळ्या पडल्या.

"ऊठ बे!" कय्यूम हात देऊन म्हणाला.

"थांब जरा. पायात जीव येऊ दे."