बारा आठवड्यांचा कोंबडा घेऊन चाकणच्या बाजारात

पत्रक सोमवारी छापखान्यात जाणार होते, म्हणून त्याआधी शनिवारी चाकणचा बाजार पाहून यायचे ठरवले. कुक्कुटपालनाचे ते पत्रक मीच लिहिलेले. त्यातले एक वाक्य टोचत होते: ‘विलायती नर बारा आठवड्यांना कापावा, पुढे तो खातो जास्त, वाढतो कमी, आणि मांस निबर होते.’ वजने माझी होती; शेतकी कॉलेजच्या खुराड्यात दर आठवड्याला काटा मीच धरला होता. मांसाबद्दलचे एका इंग्रजी पुस्तकातून घेतले होते. मी स्वतः मांस कधी खाल्लेले नव्हते.

जाणाऱ्यांनी पुण्याहून सकाळच्या लोणावळा गाडीने कासारवाडीला उतरून नाशिक रस्त्यावर मोटारीची वाट पाहावी. दापोडीला कामगार उतरले आणि डब्यात मी एकटाच राहिलो. कासारवाडीच्या रस्त्यावर पाऊण तास उभा होतो. छत्री न्यावी, सावली नाही. मोशीपुढे इंद्रायणी लागते. पलीकडे कांद्याची शेते, मग चाकण. स्टँडसमोर एका आण्यात चहा मिळतो, भजी चांगली असतात. शेजारच्या बाकावरचे कुटुंब एका बशीत खात होते. मी भजी कागदात बांधून घेतली आणि उठलो.

बाजारात सरूबाई दिसल्या. उन्हाळ्यात याच बाईंना मी विलायती पिल्ले दिली होती. समोरच्या पाटीत लाल कोंबडे, चांगले भरलेले. मी आडोशाला थांबलो. एका गिऱ्हाइकाने कोंबडा उचलून पोटरी दाबली आणि विचारले, “आरवतो का?”

“न्हाई अजून.”

त्याने तो खाली ठेवला. त्यानंतरच्या दोघांनीही तेच विचारले.

मी पुढे झालो. सरूबाईंनी पाटीच्या कडेला बांधलेली सुतळी दाखवली. तिला बारा गाठी होत्या, आठवड्याला एक. “तुमच्या सांगण्यावर मोजलं, सायेब. पर हितं म्हसोबाला आरवलेलाच लागतो. आन् घरात खायला बी लोक तसलाच नेत्यात. न आरवलेला म्हंजी पोर.” या कोंबड्यांना अजून खुराक घालायचा की आजच मिळेल त्या भावाला द्यायचे, एवढेच त्यांना सांगून हवे होते. पीठ घरातलेच जात होते.

मी म्हणालो, दोन्ही वयांचे शिजवून पाहू.

त्यांची वस्ती तिथून मैलभर. नवरा दापोडीला कारखान्यात; घरी सासरे, सत्तरीचे, पुढचे दात गेलेले. पाटीतला एक आणि घरचा सात महिन्यांचा एक, असे दोन कोंबडे कापले. मी तिकडे पाहिले नाही, ही भ्याडपणाची गोष्ट इथे नोंदवून ठेवतो. तीन दगडांच्या दोन चुली, मसाला एकच. जुन्याला दुप्पट लाकूड लागले.

सासऱ्यांनी आधी कोवळा खाल्ला. मऊ आहे म्हणाले. मग जुना, तो त्यांनी बराच वेळ हिरडीखाली घोळवला.

“मामंजी, कंचा बरा?”

“ह्यो जुना. त्यो कवळा गिळाया बरा हाय, पर त्येला चव कुठं हाय?”

त्या हसल्या. “दात न्हाईत आन् हट्ट जुन्याचा.” मग माझ्याकडे वळल्या. “सायेब, तुमी काय म्हणता?”

मी खात नाही, असे सांगितले.

“मंग लिवलं कशावर?”

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी जेवणाचे पान पुढे केले. दोन्हींतला एकेक तुकडा खाल्ला. एक सुटला, एक चावावा लागला. त्याहून जास्त काही माझ्या जिभेला कळले नाही. तुलना करायला तिच्यापाशी काहीच नव्हते. मी सरूबाईंना सांगितले की काट्याचे माझे म्हणणे खरे आहे, बाजाराचे मला ठाऊक नव्हते. इथेच विकायचे तर आरवू द्या, आणि खुराक पुरावा म्हणून पुढच्या खेपेला पिल्ले कमी घ्या. त्यांनी सुतळीला तेरावी गाठ मारली.

परतीची मोटार पाचला असते. ती चुकवू नये. घरी पोचताच पत्रक काढले. ‘कापावा’ खोडून लिहिले: ‘वजनाला बारा आठवडे पुरतात. मात्र तुमच्या बाजारात कोणत्या वयाचा कोंबडा घेतात, ते आधी विचारावे.’ मांसाबद्दलचा भाग काढून टाकला.

मग हात धुतले, दोनदा. मसाल्याचा वास गेला नाही. हा कसला वास, असे विचारणारे घरात कुणी असते, तर मी खरे सांगितले असते.